रेसरचं मडगार्ड आणि काळा चिखल

सायकल उलटी करून मी मागच्या ब्रेकखाली स्क्रू-ड्रायव्हर घातला, तर तिथून चिखल निघाला. काळा आणि अजून ओलसर. मी तो बोटावर घेऊन चोळून बघितला आणि सायकलच्या मालकाकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता.

ते दुष्काळाचं साल होतं. जळकोटला आमच्या गल्लीतल्या आडाला तळ दिसत होता. एका घागरीसाठी बायका उन्हात ताटकळत होत्या. लोक आंघोळीचं पाणी म्हशीला पाजत होते. अशा दिवसांत या पोराच्या सायकलला चिखल लागला होता.

पोरगा म्हणजे मिलिंद. माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या वस्तीत राहायचा. गावच्या सहकारी दूध संस्थेत क्लार्क होता. सोलापूरला सायकलींची रेस होती, तिची प्रॅक्टिस म्हणून रोज पहाटे हायवेवर जायचा. सायकल सेकंडहँड, पण अस्सल रेसर. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, टायर अंगठ्याएवढे, आणि एका हातानं उचलावी इतकी हलकी.

त्याला तिच्यावर मडगार्ड बसवून पाहिजे होतं.

मी म्हणालो, रेसरला कुणी मडगार्ड लावतं का? तेवढंच वजन वाढतं.

"पाठीवर पट्टा उठतो, अप्पा. मी तसाच संस्थेत जातो. सगळी इचारतेत."

"काय इचारतेत?"

"चिखल कुठला म्हणून."

"मग कुठला?"

"असंच. वाटंत लागतो," एवढंच तो बोलला.

मी पुढं विचारलं नाही. संध्याकाळी ये म्हणालो. पण तो गेल्यावर माझं डोकं फिरायला लागलं.

आमच्या गल्लीला सरकारी टँकर यायचा. भरून निघतो असं सगळे सांगायचे, पण आमच्याकडं पोचेपर्यंत त्यातलं पाणी कमी झालेलं असायचं. शेवटच्या घरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परतायच्या. ड्रायव्हर रसूलचाचा भला माणूस, पण त्याला विचारलं की टाकी गळती म्हणायचा. टाकीखाली मी स्वतः वाकून बघितलं होतं. गळत नव्हती.

हायवेच्या दोन्ही अंगाला तांबडा मुरूम आहे. काळी माती लागते ती नळदुर्गकडं जाताना एकाच ठिकाणी, आणि तिथं दूध संस्थेच्या चेअरमनची मोसंबीची बाग होती. सगळा शिवार करपला होता, ती बाग हिरवी होती. मिलिंद त्याच चेअरमनच्या हाताखाली नोकरीला. काळा चिखल, हिरवी बाग, कमी भरणारा टँकर आणि तोंड न उघडणारा क्लार्क. मला आणखी काय पाहिजे होतं?

आता कामाचं सांगतो. साध्या सायकलला मागच्या एक्सलपाशी छोटं भोक असतं, मडगार्डच्या तारा त्यात आवळायच्या. रेसरला ते भोक नसतं. वजन वाचवायला कंपनी ठेवतच नाही. ब्रेक आणि टायर यांच्यात जागा इतकी कमी, की बाजारातलं लोखंडी मडगार्ड आत शिरतच नाही. भोक पाडावं तर फ्रेमची नळी पातळ, चिरते. म्हणून क्लिप करावी लागते. क्लिप म्हणजे नळीला मिठी मारून बसणारी पट्टी. मी पत्र्याच्या पट्ट्या वाकवल्या, रंग खरवडू नये म्हणून आतून जुन्या ट्यूबचं रबर लावलं आणि वर हातानं फिरवायचे तितलीनट बसवले. रेसच्या दिवशी पान्याशिवाय काढता यावं म्हणून. गोडेतेलाचा प्लास्टिकचा कॅन कापून, गरम करून मडगार्डला गोलाई दिली. ब्रेकच्या मागं एक तुकडा, पुढं एक. ते टायरच्या अगदी जवळ ठेवले. दिसायला झकास झालं.

संध्याकाळी मिलिंद आला तेव्हा मी सायकल दिली नाही. क्लिप नवी आहे, ट्रायल मीच घेणार, सकाळी ने, असं सांगितलं. तो कासावीस झाला. मीच घेतो ट्रायल, उद्या मला जायलाच पाहिजे, म्हणाला. मी विचारलं, एक दिवस प्रॅक्टिस चुकली तर काय बिघडतं? तो सायकलकडं वळून वळून बघत निघून गेला. माझा संशय पक्का झाला.

रात्री जेवताना बायकोला, पार्वतीला, सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल आणि गल्ली गोळा करेल. ती म्हणाली, "आदी डोळ्यानं बघा. चेअरमनचं नाव घेतलं आन् खोटं निगालं, तर गावात ऱ्हायाचं हाय आपल्याला."

पहाटे मी रेसर काढली. त्या वयात त्या हँडलवर वाकून बसणं म्हणजे शिक्षाच. पण सायकल वाऱ्यासारखी पळत होती आणि क्लिपा जागच्या हलत नव्हत्या. बागेजवळ आलो तर रस्त्यावर ओले माग दिसले. जड गाडीची दुहेरी चाकं हायवेवरून उतरून बागेच्या कुंपणाकडंनं कच्च्या वाटेला वळली होती. सापडला चोर, असं मनात म्हणालो आणि सायकल त्या वाटेला घातली.

पन्नास-साठ पावलंही झाली नसतील. टँकरमधून सांडलेल्या पाण्यानं वाटेचा राडा झाला होता. काळी माती टायरला धरली, माझ्या झकास मडगार्डखाली गच्च बसली आणि चाक जाम झालं. मी आडवा होता होता वाचलो. आता ना चालवता येईना, ना ढकलता येईना. सायकल खांद्यावर घेतली आणि चालत निघालो.

बागेचं फाटक आलं. ते बंद होतं आणि टँकरचे माग तिथं थांबले नव्हते. ते तसेच पुढं गेले होते.

पुढं खडीची खाण होती. तिच्या आडोशाला टँकर उभा होता. रसूलचाचा पाइप धरून होता आणि त्याच्यासमोर घागरी, डबे, कळशा घेतलेली माणसं मुकाट उभी होती. खडी फोडायला कुठून कुठून आलेली कुटुंबं. कापडाच्या पालांत राहत होती. मिलिंद रांगेपाशी होता. सायकल नव्हती म्हणून टँकरच्या केबिनमध्ये बसून आला होता.

मला बघून माणसं घागरी मागं घ्यायला लागली. मी डोक्याला टोपी आणि अंगात खाकी शर्ट घालून होतो, त्यांना मी सरकारी माणूस वाटलो असणार. भरलेली घागर डोक्यावर घेतलेली एक बाई माझ्यासमोर आली, तिनं घागर खाली उतरवली आणि विचारलं, "साहेब, परत टाकीत वतू का?"

न्या बाई, एवढंच म्हणालो.

मग मिलिंदनं सांगितलं. प्रॅक्टिसला जाताना त्याला ही माणसं दिसली होती. खाणीच्या डबक्यातलं हिरवं पाणी पीत होती, पोरांना जुलाब लागले होते. खाणीचा ठेकेदार म्हणायचा पाण्याचं माझ्याकडं नाही. म्हणून मिलिंदनं रसूलचाचाला विनवलं होतं. भांडणं होऊ नयेत म्हणून रोज पहाटे रांग लावायला तो स्वतः यायचा.

रसूलचाचा पाइप गुंडाळत होता. "टँकर गावाला मंजूर हाय, अप्पा. ही वस्ती कुठल्याच गावात न्हाय म्हणतेत. मग ह्येनी प्यायचं काय? तुमाला तक्रार करायची आसंल तर करा. म्या न्हाई म्हनायचा न्हाय."

"आन् आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरांचं काय?" मी विचारलं.

रसूलचाचानं पाइप टाकीवर टाकला आणि मिलिंद सांडलेले डबे सरळ करायला लागला.

घरी येऊन पार्वतीला सांगितलं. ती म्हणाली, चोरून किती दिवस देणार? उघडकीला आलं की त्या चाचाची नोकरी जाईल आन् त्यांचं पाणीबी बंद. ती स्वतः घरोघर गेली. काही बायका भांडल्या, पण शेवटी गल्लीतली दहा-बारा माणसं माझ्याबरोबर तहसीलला आली. खाणीसाठी वेगळी खेप मंजूर करा, म्हणालो.

तहसीलदार साहेबांचा विश्वास बसेना. तुमचं पाणी कमी होतंय आणि तुम्ही दुसऱ्यासाठी मागताय, यात तुमचा काय फायदा, असं त्यांनी फिरून फिरून विचारलं. ठेकेदारानं पाठवलं का, पुढाऱ्यानं पाठवलं का? शेवटी खरं-खोटं करायला स्वतः जीप घेऊन खाणीवर गेले. जीप त्याच राड्यात रुतली, ती खाणीतल्या माणसांनी ढकलून काढली. नंतर खाणीला वेगळी खेप सुरू झाली. आमचा टँकर भरून यायला लागला. रसूलचाचाची नोकरी राहिली, पण त्याला दुसऱ्या रूटवर टाकलं. नवा ड्रायव्हर आमच्या गल्लीत कुणाशी बोलायचा नाही.

गल्लीतले काहीजण पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिले, की अप्पानं ठेकेदाराकडून काहीतरी खाल्लं असणार. आणि चेअरमनची बाग त्या साली हिरवी कशी राहिली, ते मला आजही माहीत नाही.

मिलिंदची मडगार्डं मी काढून पुन्हा बसवली. त्याचा नंबर रेसमध्ये आला नाही, पण त्यानं ती पूर्ण केली.

या कामातून मी दोन गोष्टी शिकलो. काळ्या रानात जाणाऱ्या रेसरला मडगार्ड लावताना टायरपासून दोन बोटं जागा सोडावी, दिसायला वाईट दिसलं तरी चालेल. आणि माग दिसले म्हणून पहिल्याच फाटकाशी थांबू नये, ते संपतात तिथपर्यंत चालत जावं.