चिवड्यात बेदाणे नकोत!

डब्यातला चिवडा संपला तरी तळाला मसाला उरतोच. आमच्या चिवड्याच्या दुकानाचंही तसंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि दत्ताकाका या दोघा भावांनी नाशकात सुरू केलेलं दुकान आता मी चालवते. गिऱ्हाईक नसलं की एकेक किस्सा वर येतो!

अण्णा मुलगी बघायला गेले, तर पोह्यांऐवजी चिवडाच समोर आला. एक घास घेऊन अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "हळद करपलीय."

आतून आवाज आला, "मग आत या, आणि करून दाखवा!"

अण्णा खरंच उठून आत गेले. ती मुलगी म्हणजे माझी आई!

•

काउंटरवर दत्ताकाका असायचे. एका बाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, "ताजा आहे ना?"

"बाई, हा आजचा. शिळा हवा असेल तर उद्या या!"

•

हरसूलचे एक बाबा यायचे. एकदा म्हणाले, "मागच्या टायमाला लय तिखट व्हता."

"मग आज कमी तिखट देऊ?"

"नाय नाय, त्योच द्या. पाव्हणे लवकर उठून गेले!"

•

मग बिनसलं. काकांना चिवड्यात बेदाणे घालायचे होते. "नाशिकचा चिवडा, आणि त्यात बेदाणे नाहीत?"

अण्णा भडकले, "चिवडा आहे, शिरा नव्हे!"

शब्दाला शब्द वाढला. काकांनी इंदिरानगरला वेगळं दुकान टाकलं आणि दोघांचं बोलणंच बंद झालं. लग्नकार्यात पंगतीला मध्ये आई बसायची.

"वहिनी, अण्णाला सांगा, मीठ इकडे दे."

"त्याला सांग, मीठ कमी खा. बीपी आहे."

•

गेल्या वर्षी अण्णा हॉस्पिटलमध्ये होते. जेवण सुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आता आवडेल ते द्या."

दुपारी दत्ताकाका आले. कितीतरी वर्षांनी समोरासमोर, मध्ये कुणी नाही! त्यांनी पिशवीतून पुडी काढली. "अण्णा, चिवडा आणलाय. चाखतोस?"

अण्णांनी चिमूटभर तोंडात घातला. डोळे मिटून बराच वेळ चघळत राहिले.

"दत्ता, तुझ्या हाताची चवच वेगळी रे. माझ्या दुकानात अशी कधी आली नाही."

काकांना हुंदका आवरेना. त्यांनी अण्णांचा हात घट्ट धरला.

मी आईकडे बघितलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

पुडी आमच्याच दुकानातली होती. सकाळी काकांनी माझ्याकडूनच नेली होती!