सुतारकामाच्या तासाला आलेला आवाज

या ग्रुपवरचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचते, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या साडीतली बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचायचं, हसायचं आणि भाजीला फोडणी द्यायची. आमचं बौद्ध घर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंगारा-धुपारा उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिला नाही. भुताखेतांवर माझा आजही काडीचा विश्वास नाही. तरी लिहितेय, कारण घरात हे बोलायची सोय नाही.

मी इंदापूर तालुक्यात, सणसरच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत सुतारकाम शिकवते. हो, बाई असून! हा प्रश्न विचारून विचारून लोकांनी माझं डोकं खाल्लंय. आबा पण सुतारकामाचेच शिक्षक. जन्मभर बारामती तालुक्यातल्या पोरांना रंधा मारायला शिकवलं, आणि मलाही. त्यांची एक पद्धत होती. लाकूड कापायचं मशीन चालू करण्याआधी ते ओरडायचे, "हात वर!" सगळ्या वर्गाचे दोन्ही हात वर दिसले की मगच बटण दाबायचे. मी तीच पद्धत चालवते.

गेल्या वर्षी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कऱ्हाटीच्या घरी आई त्यांचं सगळं करते... भरवणं, पुसणं, कूस बदलणं. कष्टाचं तिला काही वाटत नाही. पण दिवसभर ती त्यांच्याशी बोलत राहते आणि समोरून हूं नाही की चूं नाही. एकदा मला म्हणाली, "एक डाव बोलावं गं त्यांनी माझ्यासंगं. शिवी दिली तरी चालंल." मला रडू आवरेना.

ऊसतोडीचे दिवस होते. नववीचा दुपारचा तास, शाळेमागच्या शेडमध्ये. मी पाटासाठी फळ्या कापत होते, पोरं भोवती उभी. मध्येच लाईट गेली. गोल पातं थांबलं आणि फळीचा तुकडा त्याच्या बाजूला अडकून बसला. लाईट गेली की आधी बटण बंद करायचं, हे मी दर तासाला घसा फोडून सांगते. आणि त्या दिवशी मीच विसरले! मागं दोघांची धक्काबुक्की चालली होती, त्यांना दम देता देता मी तुकडा काढायला पात्यापाशी हात घातला.

"हात वर!"

दारातून आला आवाज. आबांचा. खणखणीत, जरासा घोगरा. मी विचार केलाच नाही... लहानपणापासूनची सवय, हात आपोआप वर गेले. आणि लाईट आली! पातं गरकन फिरलं, तुकडा उडून भिंतीवर आपटला.

मी आधी बटण बंद केलं. वळून बघते तर अख्ख्या वर्गाचे हात वर. दारात कुणी नाही. बाहेर नुसतं मैदान आणि ऊन.

"कोण ओरडलं रे?"

"तुमीच की मॅडम," एक मुलगी म्हणाली.

"न्हाय गं, बाप्याचा आवाज हुता," तिची मैत्रीण म्हणाली. "दाराकडनं आला."

त्यांची हुज्जत सुरू झाली. मी सगळ्यांना वर्गात पाठवलं आणि तिथंच बाकावर बसून ढसाढसा रडले. मला वाटलं, आबा गेले. जाताना येऊन गेले. बघा, म्हणजे मी... मी असा विचार करत होते! घरी फोन लावायची हिंमत होत नव्हती, तेवढ्यात तोच वाजला. आई.

"अगं, तुझं आबा बोललं!" ती हसतेय की रडतेय तेच कळेना. "म्या पाठ पुसत हुते, तर एकदम वरडलं, हात वर! म्या पण केलं बघ खुळ्यावानी हात वर. माझ्यासंगं बोललं गं!"

"कधी?"

"हे काय, आत्ता. शेजारनीला सांगितलं अन् लगेच तुला लावला."

कऱ्हाटी कुठं, आमची शाळा कुठं! मध्ये अख्खी बारामती.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून जन्माच्या सवयीचा शब्द एकदम निघतो. पटलं. पण मग शेडमध्ये आम्ही ऐकलं ते काय? पोरांनी हात कुणाचं ऐकून वर केले? कुणाचा मोबाईल, बाहेरचं कुणी, नुसता माझा भास... सगळं उलटसुलट करून बघितलं. उत्तर नाही, आजही नाही.

त्या संध्याकाळी कऱ्हाटीला जाऊन आबांच्या कॉटपाशी बसले. "आबा, शाळेत आला होता का?" हळूच विचारलं. ते छताकडं बघत राहिले. त्यानंतर ते एक अक्षर बोललेले नाहीत.

आई मात्र आल्यागेल्याला सांगते, "सर माझ्यासंगं बोललं." आता पाठ पुसायच्या आधी ती रोज स्वतःचे दोन्ही हात वर करते आणि त्यांच्या तोंडाकडं बघत थांबते. तिला मी शेडमधलं सांगितलेलं नाही. त्या माणसाकडं एवढे दोनच शब्द उरले होते, आणि ते तिच्यासाठी नव्हते... हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?