एका धंद्याला एकच खुर्ची

माइक हातात धरून ती म्हणाली, "ह्या माझ्याकडे कामाला असतात."

ह्या म्हणजे मी. आणि बोलणारी होती भांडुपच्या आमच्या चाळीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारी बाई, जिच्याबरोबर मी अर्धं आयुष्य दिवाळीचा फराळ करून विकला. ऑर्डर तिच्याकडे येवो की माझ्याकडे, चकल्या-शेव ती करायची, करंज्या-अनारसे मी. पैसे निम्मे. कोणी कोणाकडे कामाला नव्हतं.

हे झालं मुलुंडच्या एका हॉटेलच्या एसी हॉलमध्ये, बुधवारी सकाळी सात वाजता, कोट घातलेल्या माणसांसमोर. ती बोलली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे प्रत्येकाच्या बोलण्यानंतर टाळ्या वाजवतात. एक जण उठून म्हणाला होता, मी झुरळं मारतो. त्यालाही टाळ्या.

मला तिथे नेलं होतं दातांच्या डॉक्टरणीने. ती माझं जुनं गिऱ्हाईक. म्हणाली, "आजी, इतकी वर्षं धंदा करताय, पण तुमचं नेटवर्किंगच नाही."

"ते काय असतं?"

"ओळखी वाढवायच्या. एकमेकांना कामं द्यायची."

"मग ते करतेच की मी."

"तसं नाही हो आजी. सिस्टिमने."

सिस्टिम बघायला म्हणून गेले. दारातच छातीवर पाहुणी असं लिहिलेला कागद चिकटवला. जो भेटेल तो हात पुढे करायचा आणि हात सोडायच्या आधी त्यात कार्ड ठेवायचा. नाव सांगायचा, धंदा सांगायचा आणि माझं ऐकायच्या आत पुढच्या माणसाकडे वळायचा. माझ्या वयाच्या बाईला तिथे बस म्हणायची कोणाची पद्धत नव्हती. सगळे उभे राहून हसत होते. इतकी हसणारी माणसं मी फक्त लग्नाच्या फोटोत बघितली आहेत, तीसुद्धा वरपक्षाकडची.

मग अध्यक्ष उठले. फर्निचरवाले होते. त्यांनी पाहुण्यांना नियम समजावला. त्यांच्या गटात एका धंद्याला एकच खुर्ची. रंगवाला एक, विमावाला एक, फोटोवाला एक. म्हणजे आत भांडण नको. सगळ्यांनी रंगाचं काम त्या एकालाच द्यायचं आणि त्याने टाळ्या वाजवायच्या. माझा धंदा विचारला. मी म्हटलं, दिवाळीचा फराळ. ते म्हणाले, "अरेरे, ती सीट तर नुकतीच भरली आहे. त्या बघा."

मी वळून बघितलं. खांबाच्या पलीकडे ती बसली होती. रेशमी साडी, छातीवर नावाची पट्टी. मला तिने सांगितलं होतं की बुधवारी सकाळी गुडघ्याच्या व्यायामाला जाते. तिचा जावई विमा विकतो, त्याने तिला खुर्चीवर बसवली होती. तो शेजारीच होता आणि एकदम त्याला फोनमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी दिसायला लागलं.

अध्यक्षांनी विचारलं, "ओळखता का एकमेकींना?"

तेव्हा तिने माइक घेतला आणि ते वाक्य बोलली.

भांडायला मी कोणाला ऐकत नाही, पण माइकवर भांडायची सवय नव्हती. उपमा खाल्ला. गार होता. रिक्षा करून घरी आले. हातात कोंबलेली कार्डं जाड होती, टेबलाच्या आखूड पायाखाली चांगली बसली.

चाळीत ही गोष्ट मीच सांगितली. सगळ्यांना सांगितली. का लपवू? तिखटमीठ लावायचीही गरज पडली नाही.

आता करंजीचं सांगते. करंजी एकटीने होत नाही. लाटलेली पारी वाळली की कडा चिकटत नाहीत, म्हणून एकीने लाटायची, एकीने भरायची, एकीने मुरड घालायची, एकीने तळायची. आमच्या चाळीत ज्या घरी करंज्या असतील तिथे बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात. बोलावणं नसतं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. कोण कितीदा आली हे कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरतही नाही. लाटता लाटता कोणीतरी म्हणते, माझ्या घाटकोपरच्या नणंदेला करंज्या हव्यात. झाली ऑर्डर. डॉक्टरणसुद्धा मला अशीच मिळाली होती, तिच्या दवाखान्यात लादी पुसणाऱ्या बाईकडून. हे डॉक्टरणीला माहीत होतं, पण त्याला नेटवर्किंग म्हणत नसावेत. टाय नव्हता ना कोणी घातलेला.

दिवाळी आली. खुर्चीने तिला ऑर्डर दिली. गटातल्या एका बिल्डरला लोकांना वाटायला फराळाचे डबे हवे होते, ढीगभर. तिने डब्यांवर लावायला स्टिकर छापून आणले. स्टिकरवर तिचाच फोटो, नथ घालून. जन्मात नथ घातली नव्हती तिने.

या वेळी करंज्याही तिनेच करायला घेतल्या, आणि त्या दिवशी तिच्याकडे एकही पोळपाट आलं नाही. कोणाची कंबर धरली, कोणाकडे पाहुणे आले. जावयाने कुठून तरी पगारी पोरी आणल्या. त्यांनी साच्यात दाबून करंज्या केल्या. त्या तेलात उघडल्या, सारण बाहेर आलं आणि कढईभर तेल काळं झालं. जळक्या खोबऱ्याचा वास भिंतीपलीकडून माझ्याकडे येत होता. खोटं कशाला बोलू, मला तो वास आवडला.

दुपारी ती दारात आली. आम्ही दोघी मालवणकडच्या, आपसात बोलताना मधेच तिकडचं तोंडात येतं.

"काय होया तुका?" मी विचारलं.

"तुजो पोळपाट होयो."

"कामाक ठेवतस माका?"

"गप गो. दोघींचा धंदा म्हटलं असतं तर दोघींना बाहेर काढलं असतं त्यांनी."

"मग एकीला तू काढलंस. बरं केलंस, त्यांचा त्रास वाचवलास."

"उद्या डबे गेले नाहीत तर जावयाला तोंड दाखवायला जागा नाही."

"तेचा तोंड बघूक कोण बसलाहा?"

ती रडली नाही. रडली असती तर मी दार लावून घेतलं असतं. ती नुसती उभी राहिली, दोन्ही हातांना कोरडं पीठ लागलेलं.

दया आली म्हणून गेले असं कोणी समजू नये. मुलुंडपर्यंत बातमी गेली असती की भांडुपच्या त्या चाळीतला फराळ बिघडला. कोणत्या भिंतीकडचा, हे कोणी विचारलं नसतं. माझं वर्षभराचं पोट त्या दिवाळीवर चालतं.

"फोटो काढ डब्यांवरचा," मी म्हटलं.

"चिकटवून झाले गो सगळे."

"मग सोलत बस."

मी पोळपाट घेऊन निघाले. मला जाताना बघितलं तशी गॅलरीतली एकेक कंबर बरी झाली. आम्ही लाटत होतो, मुरडत होतो, तळत होतो आणि ती कोपऱ्यात बसून नखांनी आपलंच तोंड सोलत होती. एक जण म्हणाली, "नथ नीट काढ गो, डब्याला राहिली तर बिल्डर घालील." त्यावर तीही हसली. मी नाही हसले. डबे वेळेवर गेले. पैसे निम्मे-निम्मे वाटून घेतले. बिल्डरने प्रत्येक डब्यावर स्वतःच्या कंपनीचा स्टिकर लावला.

त्या घाईत तिच्या सकाळच्या सभा बुडाल्या. गटात गैरहजेरीचाही नियम होता. त्यांचाच फराळ करण्यात गैरहजर राहिली म्हणून त्यांनी तिला काढून टाकलं. जावई अजून आहे. नंतर डॉक्टरणीचा मला फोन आला, "आजी, आता सीट रिकामी आहे."

"करंज्या किती पाठवू तेवढं बोला," मी म्हटलं.

तिने माफी मागितली नाही. मी मागायला लावली नाही, आणि विसरलेही नाही. दर दिवाळीला आम्ही एकाच कढईशी बसतो आणि कामापुरतं बोलतो. त्या दुपारी तिच्या घरात लाटायला बसलेल्यांपैकी एक वारली, एक मुलाकडे बोरीवलीला राहायला गेली. ती आणि मी आहोत.