अकबर तांडेलाचा अवघड शब्द

नाटे गावात अकबरइतक्या अस्सल शिव्या कुणालाच येत नसत, आणि बंदराला त्याचा रीतसर अभिमान होता. तीस वर्षं तो मासेमारीच्या लाँचवर तांडेल, म्हणजे कप्तान होता. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. म्हणजे सगळी नाही. शिव्या तेवढ्या खणखणीत शाबूत राहिल्या.

भेटायला येणारे डोळ्यांत पाणी तयार ठेवूनच येत. "अकबरभाई, हे तुमच्याच जिभेचं फळ हो," असं एक शेजारी बिस्किटं खाता खाता प्रेमाने समजावून गेला. अकबरला म्हणायचं होतं, 'अल्हम्दुलिल्लाह, बरा आहे.' तोंडातून निघालं भलतंच. शेजाऱ्याला आपलं निदान बरोबर ठरल्याचं केवढं समाधान! चहा घेऊन आलेली सून कौसर खाली मान घालून आत वळली. अकबर भिंतीकडे तोंड करून रडला.

रत्नागिरीला वाचा-उपचार करणाऱ्या मनस्विनीताई म्हणाल्या, "शिव्या आपोआप येतात, बाकीचं मेहनतीने आणावं लागतं. 'चहा'पासून सुरू करूया?"

अकबरने नकाराची मान हलवली आणि डाव्या हाताचं बोट आभाळाकडे केलं.

"त्यांना अल्लाची तारीफ करायची आहे," त्याची बायको कुलसुम म्हणाली.

"अहो, केवढा अवघड शब्द तो!"

"त्यांना सोपं कधी आवडलंय?"

मग रोज सकाळी नमाजनंतर पडवीत सराव. "अल्... हम्..." आणि घसरून शिवी. लगेच कान पकडून तोबा, पुन्हा पहिल्यापासून. गावाची फुकट करमणूक झाली. पण तेवढा तासभर अकबर मेलेल्या हाताकडे बघत नसे, हे फक्त कुलसुमला कळलं.

सात महिने गेले. एका वादळी आठवड्यात मुलगा फहाद जाळं गमावून रिकाम्या लाँचने परतला. तेवढ्यात पडवीतून स्पष्ट आवाज आला, "अल्हम्दुलिल्लाह."

"अब्बा, एक मासळी नाही!" फहाद चिडला.

"तू... आलास," अकबर म्हणाला.

कुलसुमने पदर तोंडाला लावला.

हात काही परत आला नाही. अकबर आता दुपारी जेटीवर बसतो, येणाऱ्या प्रत्येक लाँचला तो शब्द म्हणतो. खलाशी डोक्यावर टोपल्या घेऊन, शब्द पुरा होईपर्यंत उन्हात थांबतात.