चाळीस पायांची दामिनी

रविवारची दुपार. दोन पुरणपोळ्या जास्त झाल्यात आणि हेमांगी ढवळे डाव्या कुशीवर पडून झोपेची वाट बघतेय. झोप कसली येतेय म्हणा. उद्या दहा वाजता तिला सांगायचंय, नव्या चिपचा कोणता आराखडा कारखान्यात धाडायचा. एक तिचा लाडका: बोर्डाच्या भोकांत बसणारे अठ्ठेचाळीस पाय, दुप्पट वेग, सगळं कसं नेटकं. दुसरा सहकारी फारुख मुजावरचा: जुन्या चिपसारखेच चाळीस पाय, जुने प्रोग्रॅमही चालणारे, पण वेग दीडपटच आणि आत नव्या-जुन्याची नुसती गिचमिड. एकदा धाडला की बदल नाही. चिप खपली नाही तर भोसरीतल्या त्यांच्या सहा माणसांच्या कंपनीला कुलूप. पंखा फिरतोय, फिरतोय, आणि ड्रेसिंग टेबलाच्या स्टुलावर बिडकर सर बसलेत.

दोन वर्षांपूर्वी गेलेले बिडकर सर, तिचे पहिले साहेब. तोच अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर. हेमांगीला इतका आनंद होतो की, तुम्ही इथे कसे, हे विचारायचं राहूनच जातं.

"हाणलेल्या दिसतायत पोळ्या," सर म्हणतात. "ऊठ, दुकान उघडायचंय."

स्टूल दुकानातलंच आहे. कुकर दुरुस्तीचं दुकान, भिंतीभर रबरी रिंगा लटकतायत. एक बाई येतात. सर त्यांच्यापुढे नवाकोरा कुकर ठेवतात, निम्म्या वेळात डाळ शिजवणारा.

"माझी आतली भांडी बसतील यात?" बाई विचारतात.

"नाही, वेगळी लागतील."

"रिंग कोपऱ्यावर मिळेल?"

"फक्त माझ्याकडे. मंगळवारी बंद."

बाई जुन्याच कुकरची शिट्टी बदलून घेतात आणि चालू लागतात. सर खो खो हसतात. "अगदी माझी दामिनी बघ."

दामिनी म्हणजे सरांनी बनवलेला प्रोसेसर. कागदावर सगळ्यांच्या पुढे, बाजारात कुठेच नाही. तीनशे विकले गेले, दोन हजार सरांच्या माळ्यावर पडले.

"सर, तुमच्या मनाला लागलं असेल ना?" सर होते तोवर हे विचारायची तिची हिंमत झाली नव्हती.

"लागलं तर. वर्षभर घरात धड बोललो नाही कुणाशी. बाजाराला अक्कल नाही, म्हणायचो. अगं, लोकांचे जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालत नव्हते. वापरायचं पुस्तक मी सात महिने उशिरा छापलं. मी तापाने पडलो तर दुसरीकडे ती मिळायची नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, कोण घेणार? जिंकली ती चिप मंदच होती, पण तिच्यावर काम करता येणारी माणसं गावोगाव होती."

दुकानात आता हेमांगीची गिऱ्हाइकं बसलीत, वजनकाटे बनवणारी, आपापले जुने सर्किट बोर्ड मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी. प्रत्येक बोर्डाला चाळीस भोकं. सगळे तिच्याचकडे बघतायत.

"पण सर, दीड वर्ष घातलंय मी माझ्या आराखड्यात." तिला रडू येतं. "फारुखचा फार ओबडधोबड आहे हो."

"असू दे. मी सुंदर केली होती. माळ्यावर उंदरांनी बघितली."

रडता रडता तिला हसू फुटतं. सर खिशातून दामिनी काढतात, तिच्या तळहातावर ठेवतात आणि तिची मूठ आवळतात.

"घट्ट धर. तुझा वेग पुढच्या खेपेला घाल, हळूहळू. आणि एक पोळी ठेव माझ्यासाठी. आता पथ्य नाही मला."

मूठ दुखतेय. हेमांगी डोळे उघडते. चार वाजलेत, नवरा सुहास चहाचा कप घेऊन उभा आहे. ती मूठ उघडते. आत काही नाही, फक्त तळहातावर बारीक लाल खळगे उमटलेत.

"कंगव्यावर झोपलीस वाटतं," सुहास म्हणतो.

ती बोट फिरवून मोजते. वीस. समोरच्या ओळीत आणखी वीस.

"कंगव्याला एकच ओळ असते," ती म्हणते आणि दुसऱ्या हाताने फोन लावते. "फारुख, उद्या तुझा आराखडा धाडायचा. हो रे, चाळीसच पाय. मोजून सांगतेय."