ओटी पुढे बांधतात

नोव्हेंबर, अठरा तारीख. कापसाची दुसरी वेचणी उद्यावर आली होती, म्हणून दुपारी ओट्यांच्या, वेचलेला कापूस टाकायच्या झोळ्यांच्या, उसवलेल्या नाड्या शिवत बसले होते. धाकट्या भावाचा मुंबईहून फोन आला. तो भुताखेतांचे थरारपट काढतो. पहिले दोन जोरात चालले, पोस्टरवर त्याचं नाव नटांपेक्षा मोठं आलं. नंतरचे तीन पडले.

"ताई, आईचा वेचणीचा शर्ट आहे काय?"

"आहे. काऊन?"

"नव्या सिनेमातल्या भुताले पाहिजे. कुरिअर कर."

आमच्याकडे बाया वेचायला जाताना साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालतात, वाळल्या बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. आई बाबांचा घालायची. आम्ही पोरांनी पात, म्हणजे वाट्याची कापसाची ओळ, सोडून पळू नये म्हणून ती भुताची गोष्ट सांगायची. एका पातीला अर्धी, उरलेली शेताच्या टोकाला, धुऱ्यावर पोचल्यावर. भाऊ गोष्टीच्या घाईत अर्धा कापूस बोंडातच ठेवून पुढे जायचा. तो मी वेचायचे.

तो शहरात गेला त्याच सुमारास कापसाचं बीटी बियाणं आलं. आता अळी नाही म्हणून आई खूश होती. काही वर्षांनी गुलाबी अळी आली, वरून चांगली दिसणारी बोंडं आतून किडकी निघायला लागली. मजूर मिळेनात; माझं सासर गावातच, म्हणून आम्ही दोघीच वेचायचो. गोष्ट एकदा मीच मागितली, तर म्हणाली, "तो आला म्हंजे सांगीन." तो आला तिच्या तेरवीला, दोन दिवसांसाठी.

त्याचा शेवटचा सिनेमा मी सोनाळ्याला नणंदेच्या टीव्हीवर पाहिला. पांढऱ्या शर्टातली बाई कापसातून चालत येते. सगळे जवळ सरकून बसले. नणंद म्हणाली, "अवं, ओटी पाठीवर! हे भूत वेचाले चाललं का शाळेत?" सगळे हसले. मीही हसले, आणि चहा ठेवायला उठले.

फोनवर त्याला ते सांगितलं. "ओटी पुढं बांधतात रे. तूच तर आईच्या ओटीत कापूस टाकत होता."

तो म्हणाला, "विसरलो, ताई. शर्ट पाह्यला की आठवंल. हा पडला तर पुढचा सिनेमा मले कोणी देणार नाही. पाठवशील ना?"

"इकडं ये अन् घेऊन जाय."

"टाइम कुठं आहे?"

"पाहू," म्हटलं आणि फोन ठेवला. पेटीतून शर्ट काढला, कॉलर फाटली होती, ती शिवली. एक बटण नव्हतं, ते लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मीच घातला. ओटी पुढे बांधली, शेजारणीच्या हातात मोबाइल दिला आणि समोरून, बाजूने, वाकून असे तीन फोटो काढून घेतले. ते त्याला पाठवले. खाली लिहिलं: शर्ट वापरात आहे. वेचणी आठ दिवस चालेल.

मग पात धरली.