पेटीतला शिळा आवाज

त्या आठवड्यात थोरलीला कोणी "कसं चाललंय?" असं विचारलं, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चालत नव्हतं, तेच तर दुखणं होतं.

ती जिथे कामाला होती त्या कारखान्यात बोलक्या पेट्या बनत. वाचा गेलेल्या माणसांसाठी मोठमोठ्या बटणांची पेटी. बटण दाबलं की आतल्या मेमरी कार्डावर साठवलेलं वाक्य ऐकू येई. घरी तिच्या बाबांकडेही अशीच एक होती. बाबांनी उभी हयात बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात घालवली, आणि कर्णा बंद पडला तरी त्यांचं कधी अडलं नाही. नेमकी त्याच गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढायचं ठरलं तेव्हा थोरलीने शस्त्रक्रियेआधी बाबांना समोर बसवून रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात भरून घेतली. बाबांनी निवडलेली वाक्यं म्हणजे निव्वळ कुरकुर. 'चहा गार झालाय.' 'पंखा बंद कर.' 'मला कळतं.' 'मला नको.'

"एखादं गोड वाक्य भरा की," आई म्हणाली होती.

"आजवर बोललोय का कधी?" बाबा म्हणाले, आणि विषय मिटला.

मग एके दिवशी पेटी पलंगावरून पडली. कार्ड तेवढं वाचलं, पेटी गेली. तिच्यातली चिप आता कोणी बनवत नव्हतं, म्हणून कारखान्याने नव्या चिपचा बोर्ड घेतला आणि जुना कर्नल त्याच्यावर बसवायचं काम थोरलीकडे आलं. कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. घर बदललं की त्याला नळ कुठे, दिवा कुठे, सगळं पहिल्यापासून दाखवावं लागतं. बटणं लागली, स्पीकर लागला. घोडं अडलं ते कार्ड वाचणाऱ्या ड्रायव्हरपाशी, म्हणजे कारभाऱ्याच्या हाताखालच्या गड्यापाशी.

इकडे घरी बाबा मुके. फोनच्या काचेवर त्यांची थरथरती बोटं भलतीकडेच पडत. पाटीवर लिहीत, पण अक्षर लागत नसे, आणि "काय म्हणताय?" असं दुसऱ्यांदा विचारलं की पाटी पालथी.

"अगं, आता मानसुद्धा हलवत नाहीत," आई सकाळी डबा देताना म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तुझी ती पेटी होणार आहे की नाही, एकदाचं सांग."

थोरली काय सांगणार, कपाळ! कार्ड आधी दिसेचना. दिसायला लागलं तर वाचता येईना. वाचता आलं तेव्हा बटण दाबल्यावर बाबांचा खणखणीत आवाज आला: 'चहा गा— कळतं —लाय.' नाचता येईना अंगण वाकडं, तसं तिने आधी कार्डाला दोष दिला, मग बोर्डाला. वाक्यं दुसऱ्या कार्डावर उतरवून पाहिली, बोर्डही बदलला. वाक्यांची खिचडी शिजतच राहिली.

शेवटी तिने या धंद्यातले सगळेच करतात ते केलं. ड्रायव्हरला प्रत्येक पावलागणिक पडद्यावर एक ओळ छापायला लावली, म्हणजे पाय कुठे घसरतो ते कळेल. आणि काय गंमत, पाय घसरेचना! सगळी वाक्यं स्वच्छ. कारखान्याचे मालकही येऊन ऐकून गेले. "झालं की ताई! उगाच डोक्याला ताप करून घेता." तेवढ्या ओळी छापण्यात वेळ जाई, आवाज उशिरा येई, म्हणून तिने त्या ओळी काढून टाकल्या आणि पेटी तशीच घरी नेली. पुन्हा एकदा ऐकून पाहावं, एवढंही तिला सुचलं नाही.

बाबा उठून बसले. किती दिवसांनी उठले असतील. त्यांनी एक बटण दाबलं, मग दुसरं. पेटी म्हणाली, 'मला पं— बंद —को.'

बाबांनी पेटीकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं. पेटी हाताने दूर सारली आणि ते पुन्हा भिंतीकडे वळले. थोरलीला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी तिने ओळी परत घातल्या. पेटी शहाणी. ओळी काढल्या. पेटी वेडी. पाहुण्यांसमोर गुणी आणि पाठ फिरली की धिंगाणा घालणारं कार्टं ते! "मला कळतं म्हणे! काही कळत नाही तुला!" ती पेटीवर खेकसली. पलीकडच्या टेबलावर पेट्या जोडणारा जोडारी उठून बाहेर गेला. ती डोळे मिटून बटणं दाबत सुटली, आणि तेव्हा तिच्या कानांनी पकडलं. मधे घुसणारा तुकडा वाटेल तिथला नव्हता. तो दर वेळी आधीच्याच वाक्याचा होता.

शिळं वाढत होती मेली! कार्डावरचा ताजा माल चिपला न विचारता थेट पेटीच्या आतल्या कोठारात पडत होता. आणि चिप आळशी, कोठारापर्यंत जायचा कंटाळा म्हणून मागच्या खेपेचं थोडं हाताशी ठेवून तेच पुढे करत होती. ओळी छापताना तिच्या हाताशी दुसराच पसारा जमे, शिळं बाहेर फेकलं जाई आणि झक मारत कोठारात जावं लागे. जुनी चिप हे आपसूक सांभाळायची, म्हणून जुन्या ड्रायव्हरमध्ये त्याची सूचनाच नव्हती. थोरलीने ती घातली: कार्डावरून माल आला की हाताशी ठेवलेलं टाकून दे. एवढंच. एवढ्यासाठी तिच्या नाकी नऊ आले होते. या वेळी तिने प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबून ऐकलं, आणि मगच निघाली.

बाबा वळायलाच तयार नव्हते. तिने पेटी त्यांच्या हाताखाली सरकवली. बऱ्याच वेळाने बोट हललं.

'पंखा बंद कर.'

अख्खं वाक्य, मधे ठिगळ नाही, बसस्थानकावरचा तोच आवाज. आई स्वयंपाकघरातून धावत आली. थोरली सवयीने उठली, पंख्याच्या बटणापाशी गेली आणि तिने वर पाहिलं.

"बाबा, पंखा बंदच आहे."

'पंखा बंद कर.'

"अहो, बंद आहे, बघा तरी वर!"

बाबांनी वर पाहिलंच नाही. ते पेटीला कान लावून बसले होते, आणि त्यांचं बोट पुन्हा त्याच बटणावर गेलं.